डेंजर एम बोलत नाही

२ एप्रिल १९९५, किन्हवली

आजपासून रोजनिशी लिहायचं ठरवलं, कारण आजपासून मी नुसता माईकवाला राहिलेलो नाही. मी मॅनेजर आहे. पुढेमागे कुणी मुलाखत घ्यायला आलं तर तारखा तरी बरोबर सांगता याव्यात.

कलावंत म्हणजे महेंद्र. माझा पहिलीपासूनचा दोस्त, मुरबाडच्या एमआयडीसीत प्रेस मशीनवर कामाला. लहानपणापासून बोलताना अडखळतो. 'म' आला की संपलंच, एका शब्दात एसटी येऊन निघून जाते. शाळेत हजेरीला त्याचा 'हजर' मीच म्हणायचो. पण परवा वेहळोलीच्या लग्नात मी स्पीकर तपासत होतो, कॅसेटवर नुसता ठेका चालू होता, आणि ह्याने गंमत म्हणून माईक उचलला. हल्ली टीव्हीवर येतं ना, गात नाहीत, ठेक्यावर भराभर बोलतात, रॅप म्हणतात त्याला, तसं:

बस आली, बस आली, पाटी नाय वाचली,
जायचं होतं शेणव्याला, स्वारी धसईला पोचली!

असं दहा मिनिटं. एकदाही अडखळला नाही! मी स्क्रू ड्रायव्हर हातात धरून उभाच राहिलो. विचारलं, "हे कुठं शिकलास रे?"

म्हणाला, "म-म-मशीनवर."

दिवसभर मशीन धाड धाड करतं, त्या ठेक्यावर तो आपला एकटाच बडबडत असतो म्हणे. तीन वर्षं झाली. मला एका शब्दाने सांगितलं नाही.

१२ एप्रिल १९९५

एक अडचण आहे. गाणं झालं की लोक टाळ्या वाजवणार, नाव विचारणार, आणि हा तोंड उघडणार. मग सगळ्याचाच विचका. त्यावर मी उपाय काढला आहे. हा बोलणारच नाही. काळा गॉगल, हातात बोटं कापलेले काळे मोजे, हाताची घडी, चेहरा रागीट. बोलायचं सगळं काम माझं.

नाव त्यानेच सुचवलं: डेंजर एम. एकदम इंग्रजी वाटतं. शिवाय हे नाव तो स्वतःही एका दमात म्हणतो. त्याला नाव फारच आवडलेलं दिसतं.

१६ एप्रिल १९९५

काल भातसानगरच्या कॉलनीत जयंतीच्या कार्यक्रमात पहिला प्रयोग. पुढे धरणावरचा सगळा स्टाफ, बायका, पोरं. महेंद्र स्टेजवर आला आणि हाताची घडी घालून उभा राहिला. सगळे चिडीचूप. पुढच्या रांगेतल्या गीताबाई मला हाक मारून म्हणाल्या, "अरे, ह्यो पोरगा कुणावर चिडलाय? जेवला नाय काय?"

पण ठेका सुरू झाला आणि बसचं गाणं तीनदा म्हणावं लागलं. एका पोराने पाठांतर करून आमच्या मागे मागे स्टँडपर्यंत म्हटलं. परत येताना मी महेंद्रला म्हणालो, "बघितलंस? तू गप्प राहिलास म्हणून वजन पडलं."

तो काहीच बोलला नाही. भूमिका इतकी अंगात भिनली आहे.

७ जानेवारी १९९६

म्हसाच्या जत्रेत स्टेज मिळालं! एका बाजूला बैलबाजार, एका बाजूला पाळणे आणि मधे आम्ही. मी लोकांना सांगितलं की डेंजर एम कुणाशी बोलत नाही, त्याला उगाच छेडू नका. गर्दीतली दोन माणसं खरंच मागे सरकली. मजा आली.

खाली उतरल्यावर एका म्हातारबाबांनी महेंद्रचा हात धरला, "पोरा, गाव कंचा तुझा?" महेंद्रने तोंड उघडलं होतं, पण मी वेळेवर पोचलो आणि सांगितलं, "किन्हवली." थोडक्यात वाचलो.

२३ ऑक्टोबर १९९७

आमची कॅसेट आली. मुरबाडच्या स्टँडवर रसवंतीवाला वाजवतो, शहापुरात सायकलच्या दुकानात ऐकली. कव्हरवर महेंद्रचा गॉगलमधला फोटो, मागे विजेचा लोळ. पेंटरने लोळ मोठा काढला आहे, महेंद्र थोडा लहान झाला आहे.

आणखी चांगली बातमी म्हणजे अफवा सुरू झाल्या आहेत. डेंजर एमने कल्याणला चौघांना मारलं. डेंजर एम दारू प्यायल्याशिवाय स्टेजवर जात नाही. (तो चहासुद्धा अर्धाच कप पितो.) डेंजर एमला एवढा माज की गावच्या सरपंचाला नमस्कार केला नाही. मी एकही अफवा खोडली नाही. चौघांचे मी सहा केले.

माझी बायको नम्रता रागावली. म्हणाली, "अहो, त्यांच्या आईच्या कानावर गेलं तर?" गेलंच होतं. येसूबाईंनी मला बाजारात गाठून विचारलं, "अनिल, माझा लेक कोंबडी कापताना तोंड फिरवतो. ह्यो कोण सहा जणांना मारणारा?" मी म्हणालो, "काकू, ती इमेज हाय." त्या म्हणाल्या, "मग तिला मार खाऊ दे."

१० मे १९९८

घोटाळा झाला. महेंद्रसाठी धसईची पौर्णिमा बघितली होती, अंगणवाडीत शिकवते. मुलगी पसंत, पत्रिकेचा प्रश्नच नाही. पण तिचे वडील बाळारामबाबा यांनी निरोप पाठवला, "गुंडाला मुलगी देणार नाय." मीच जाऊन समजावतो म्हणालो. महेंद्रने मान हलवली. "मी जा-जातो." मी म्हणालो, वेडा आहेस का, तिथे बोलावं लागेल. तरीही गेला. गॉगलसुद्धा घरी ठेवून गेला. आता संपलं.

११ मे १९९८

लग्न ठरलं! मला काही कळेनासं झालं आहे. बाळारामबाबांना स्टँडवर विचारलं, काय झालं नक्की? म्हणाले, "सकाळी धा वाजता आला, आपली सगळी हकिगत सांगितली. बारा वाजले. मधे दोनदा चहा झाला. जो माणूस एवढा घाम गाळून खरं सांगतो त्याला मुलगी नाय द्यायची तर कुणाला द्यायची?"

दोन तास एवढं काय सांगत होता कुणास ठाऊक. माझ्याशी तर दोन मिनिटं बोलत नाही.

पण बाळारामबाबांना मी हात जोडून सांगितलं की हे बाहेर बोलू नका.

२० जून १९९८

समीक्षाला शाळेच्या बालवर्गात घातलं. पाच वर्षांची झाली. आमची पोर फार शांत. बाईंनी नाव विचारलं तर माझ्या पाठीमागे लपली. मीच सांगितलं. गोड आहे, उगाच वटवट करत नाही. माझ्यावर गेलेली नाही असं नम्रता म्हणते.

२४ जानेवारी २०००

पल्स पोलिओच्या जीपवर लावायला आरोग्य खात्याच्या बाईंनी महेंद्रकडून गाणं करून घेतलं. मला न विचारता! काल दिवसभर किन्हवली, शेणवे, डोळखांब असा सगळा पट्टा जीप फिरली:

दोन थेंब, दोनच थेंब, रडू नको राजा,
डोस घे नि पळत सूट, पाय तुझा ताजा!

आणि हा जीपमध्ये पुढे बसलेला, बिनगॉगलचा, मांडीवर माझी समीक्षा. ती खिडकीतून डोकं काढून त्याच्याबरोबर सगळं गाणं म्हणत होती, मोठ्याने. घरी तिचा आवाज ऐकायला कान टवकारावे लागतात आणि तिथे बघा! पाड्यापाड्यांवरची पोरं जीपमागे धावत होती. घाबरत कुणीच नव्हतं.

आज बाजारात एका बाईने आपल्या पोराला दाखवलं, "त्यो बघ डोसवाला काका."

पाच वर्षं राबून मी डेंजर बनवला, तो एका रविवारात डोसवाला झाला. मी महेंद्रला झापलं. त्याने खिशातून बडीशेप काढून मला दिली.

१७ नोव्हेंबर २००२

धसईला कार्यक्रम होता. वाईट झाला. हल्लीच्या पोरांना डीजे लागतो, मोठमोठे बॉक्स लागतात. आम्ही आपले जुन्याच ठेक्यावर. महेंद्र आता तेहेतीसचा, पोट किंचित सुटलं आहे, मोज्याचं वेल्क्रो चिकटत नाही. हाताची घडी घालून उभा राहिला तर मागून एक जण ओरडला, "काका, डोळे आलेत काय?"

सगळा मांडव हसला. महेंद्र पण हसला. मग आठवण झाल्यासारखा गंभीर झाला.

मी माईकवरून त्या पोराला दम दिला. उपयोग झाला नाही. येताना म्हणालो, आता नवीन इमेज हवी, चामड्याचं जाकीट करू. तो खूप वेळ अडखळत म्हणाला, "अ-अनिल, मी द-द-दमलो रे. गाऊन नाय. ग-ग-गप राहून."

मी म्हणालो, "म्हणून तर सांगतो, बोलू नकोस. आराम कर."

३० ऑक्टोबर २००३

समीक्षाच्या बाईंनी बोलावलं होतं. लेखीत सगळ्यात पहिली, तोंडी परीक्षेत शून्य. तोंडच उघडत नाही म्हणाल्या. मी सांगितलं, लाजाळू आहे हो, घरी सगळं येतं तिला, मी म्हणून दाखवू का? बाई माझ्याकडे बघतच राहिल्या.

महेंद्र संध्याकाळी आला होता. ओट्यावर दोघं किती वेळ बसली होती. ती बोटांनी फळीवर टकटक करत होती आणि काहीतरी बोलत होती. मी गेलो तशी थांबली. खेळ असेल काहीतरी.

नंतर महेंद्रने विचारलं की शाळेच्या स्नेहसंमेलनाला पाहुणा म्हणून बोलावलंय, जाऊ का. मी म्हणालो, बेलाशक. भाषण मी वाचीन.

२१ डिसेंबर २००३

हे नीट लिहून ठेवायला हवं, कारण काल आमचं सगळं संपलं.

शाळेचं पटांगण भरलेलं. पोरं पुढे सतरंजीवर, पालक मागे. मी "प्रमुख पाहुण्यांच्या वतीने" म्हणून कागद उघडला, तर महेंद्रने माझ्या हातातून माईक घेतला. म्हणाला, "आज तू ब-ब-बस." तो अडखळलेला 'बस' माईकमधून सगळीकडे ऐकू गेला.

मी इशारे केले, खोकलो, माईकची वायर काढायलाही वाकलो, पण वायरवर नम्रताने पाय ठेवला होता. चुकून असेल.

महेंद्रने गॉगल काढून टेबलावर ठेवला. म्हणाला, "माझं नाव म-म-म..." आणि अडकला. पोरं हसायला लागली. हेडमास्तर उभे राहिले. महेंद्रने त्यांना हाताने बसा म्हटलं आणि पोरांना म्हणाला, "हसा रे. माझी गाडी च-चढणीला लागलीय. चढली की ये-येतो." पोरं आणखी हसली, पण आता वेगळं हसली. मग सगळी वाट बघायला लागली. मला वाटतं एवढी माणसं एका शब्दासाठी कधी गप्प बसली नसतील. शेवटी निघालं, "महेंद्र!" आणि टाळ्या.

मग बोलला. पाऊण तास. मी सगळं लिहू शकत नाही, पण हे लक्षात आहे:

"आठ वर्सं मी तुमच्याशी बोललो नाय. तुमी बोल्ला, ह्याला मा-माज हाय. माज नाय, भ-भीती होती. ठेका असला की माझी जीभ सुटते. ठेका नसला की अ-अडते. दोन्ही मीच हाय. माझा दोस्त अनिल लय चांगला हाय. जन्मभर माझं वाक्य त्योच पु-पुरं करतो. पण मला माझं वाक्य क-क-कसं संपतं ते बघायचं हाय."

मागे कुणीतरी नाक ओढत होतं. बहुतेक बाळारामबाबा.

मग पोरांना विचारलं, "माझ्यासारखं कुणाचं अ-अडतं का?" पोरं एकमेकांकडे बघायला लागली. आणि सतरंजीवरून एक हात वर आला. समीक्षाचा.

तिने हात का वर केला मला कळलं नाही. तिला पाणी हवं असेल.

२३ डिसेंबर २००३

महेंद्रशी बोलणार नाही. मी घडवलेला डेंजर एम त्याने पाऊण तासात मोडून टाकला. आता कोण बोलावणार?

८ जानेवारी २००४

नम्रताने आज जेवायला वाढलं आणि समोर बसली. म्हणाली, "तुमी महेंद्रभावोजींवर रागावलाय का स्वतःवर?"

मी म्हणालो, मी कशाला स्वतःवर रागावू?

"समीला पाणी नको होतं."

मी जेवत राहिलो.

"ती पाच वर्सांची असल्यापासून अडखळते. 'स' म्हणता येत नाय तिला. स्वतःचं नाव नाय म्हणता येत. मी दहादा सांगायला आले, तुमी दरवेळी माझंच वाक्य तोडलं. तिचं तर तुमी सुरूच होऊ देत नाय."

एवढं बोलून भाकरी आणायला गेली. समीक्षा दारात उभी होती. ज्याच्या जिवावर धंदा करतो ते तोंड उघडायला मला वेळ लागला.

मी विचारलं, "खरं का गो?"

तिने मान हलवली. मग दाराच्या फळीवर बोटांनी ठेका धरला आणि म्हणाली, "खरं हाय बाबा, खरं हाय बाबा."

अजिबात न अडखळता. मला हसू आलं आणि रडू पण आलं. ताटातली आमटी निवून गेली.

११ जानेवारी २००४

सकाळी महेंद्रकडे गेलो. रस्ताभर बोलायचं पाठ करत होतो. पोचलो आणि तोंड उघडेना. "म... म..." करत बसलो. पौर्णिमा पाणी घेऊन आली, ती फिसकन हसली. महेंद्र म्हणाला, "सावकाश. मी थां-थांबतो." आणि खरंच थांबला, हलकट. हसतही होता.

शेवटी म्हणालो, चुकलो.

१५ ऑगस्ट २००४

माझा अंदाज साफ चुकला. बोलावणी वाढली आहेत. मात्र गाण्याला कमी आणि माणसाला जास्त. विहारात दर रविवारी सकाळी महेंद्र अडखळणाऱ्या पोरांना घेऊन बसतो. सात पोरं आहेत, दोन मुरबाडहून येतात, एक मुलगी थेट टोकावड्याहून. डॉक्टर नाही आपण, असं तो आईबापांना आधीच सांगतो, ठाण्याला चांगले डॉक्टर आहेत तिथेही दाखवा म्हणतो. इथे फक्त बोलायचं. कुणी कुणाला घाई करायची नाही, हा एकच नियम.

मला स्पीकरच्या खोक्यावर ठेका धरायचं काम दिलं आहे. बोलायला मनाई आहे. दोनदा मोडली, दोन्ही वेळा पोरांनी मला बाहेर काढलं.

५ मार्च २००६

मुरबाडच्या मंडळाने बॅनर लावला, स्टँडसमोर, बसच्या टपाएवढा उंच: "आपला लाडका म-म-महेंद्र!" मी पेटलो. मंडळाच्या पोरांना शोधायला निघालो, ही काय थट्टा लावलीय म्हणून. महेंद्रने बॅनर बघितला आणि फुटपाथवर बसून इतका हसला की डोळे पुसावे लागले. म्हणाला, "अरे, तीन म ब-बरोबर मोजलेत त्यांनी!"

कार्यक्रम झाल्यावर तो बॅनर मागून घरी नेला. पौर्णिमाने भाताच्या कणगीवर झाकायला घेतला आहे.

धसईत ज्याने डोळे आलेत का विचारलं होतं, तो पोरगा मंडळात निघाला. नाव आदेश. आता स्वतः रॅप करतो, केसांना काहीतरी फासतो. महेंद्रच्या पाया पडला. मला म्हणाला, "काका, सरांची जुनी कॅसेट असेल तर द्या ना. ती डेंजरवाली. भारी कॉमेडी हाय."

कॉमेडी! मी त्याला कॅसेट दिली. घरी येऊन मी पण ऐकली. खरं सांगायचं तर मधे मधे जी माझी निवेदनं आहेत तिथे मलाच हसू आलं.

२७ जानेवारी २००८

काल मुरबाडला मोठा कार्यक्रम झाला. आदेश आणि त्याची नवी पोरं, शेवटी महेंद्र. महेंद्रचे आता कानशिलावरचे केस पांढरे, अंगात साधा इस्त्रीचा शर्ट. लोक त्याला सर म्हणतात, काही जण मास्तर. येसूबाई पुढच्या खुर्चीत होत्या. दोन गाण्यांच्या मधे तो गप्पा मारतो, त्या गाण्यापेक्षा लांबतात, आणि कुणी उठून जात नाही. बसच्या गाण्यात मात्र लोक त्याला म्हणूच देत नाहीत, सगळं स्वतःच म्हणतात.

पण लिहायला बसलो ते दुसऱ्याच कारणासाठी. आज सकाळी चहा घेताना मी समीक्षाला कालच्या निवेदनाविषयी विचारलं. ती आता चौदाची, यंदा नववीत. मी सुरुवातीला वीस मिनिटं बोललो होतो, मला स्वतःला बरंच जमल्यासारखं वाटत होतं. म्हटलं, कसं झालं गो?

ती म्हणाली, "बा-बाबा..." आणि अडकली.

मला माहीत होतं पुढे काय येणार. 'छान झालं.' ओठावर आलं होतं माझ्या. मी कप तोंडाला लावला आणि तसाच धरून बसलो. बाहेर कुणीतरी मोटरसायकल चालू केली, बंद पडली, पुन्हा चालू केली. नम्रता दारात येऊन उभी राहिली. समीक्षाची हनुवटी थरथरत होती, पण तिने माझ्यावरून नजर काढली नाही, ठेकाही धरला नाही.

"बाबा, स-स-सुरुवात पुढच्या वेळी मी करते. तुमी ल-लय बोर करता."

नम्रता पदर तोंडात धरून आत पळाली.

मी तिला म्हणालो, कर. पुढचा कार्यक्रम नऊ तारखेला, शहापुरात.